हौस, नाद आणि उपासना

हौसेने केलेले काम उपासना ठरू शकते का, आणि यंत्रातून निघालेल्या सुराला भक्तीत स्थान आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पण ज्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे आणि भजन-गोंधळाचीही ओढ आहे, त्याच्यापाशी ते एकत्र येतात. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा आणि त्याच्या आसपासची गावे या प्रश्नांच्या विचाराला सोयीची आहेत. एका अंगाला परळी वैद्यनाथाचे क्षेत्र आहे. दुसऱ्या अंगाला मुकुंदराज, दासोपंत आणि योगेश्वरीचे अंबाजोगाई आहे. गावोगाव भजनी मंडळे आणि अखंड हरिनाम सप्ताह आहेत. त्याच गावांत ॲम्प्लिफायर, माइक, जुन्या टेपचे बोर्ड आणि मोबाइलचे सुटे भाग घेऊन बसणारे हौशी कारागीरही आहेत.

हा हौशी माणूस पोट भरण्यासाठी दुसरे काही करतो. दिवसाचे काम आटोपले की तो देवळातला घुमणारा माइक दुरुस्त करतो, भजनी मंडळासाठी विजेवर सूर धरून ठेवणारी सुराची पेटी जुळवतो आणि मग स्वतःही टाळ घेऊन उभा राहतो. त्याच्या कामाचे धर्मदृष्ट्या मोल काय, हे ठरवायचे तर आधी नादाविषयी परंपरेने काय विचार केला आहे ते पाहावे लागते.

देवगिरीचा हिशेबनीस

या विचाराचा सर्वांत समर्थ ग्रंथ मराठवाड्यातच लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झाला. राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आले होते, आणि त्याला वैद्यकाचेही ज्ञान होते. म्हणजे भारतीय संगीताचा हा आधारग्रंथ ज्याने लिहिला, त्याचे उपजीविकेचे काम गाणे हे नव्हते.

ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव नादाचे दोन प्रकार मांडतो. आघाताशिवाय असलेला तो अनाहत, आणि आघाताने उमटणारा तो आहत. अनाहताची उपासना मुनी गुरूने दाखवलेल्या मार्गाने करतात. ती मुक्ती देते, पण तिच्यात रंजन नाही. आहत नाद मात्र श्रुती, स्वर, राग अशा वाटेने लोकांचे मन रमवतो आणि त्याच वेळी संसाराचे बंधनही तोडतो, असे त्याचे म्हणणे आहे. रमणे आणि सुटणे यांत तो विरोध पाहत नाही. हौसेला धर्मात जागा आहे का, या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच मिळते. सुरात रमणे हे परमार्थाच्या आड येतेच असे नाही. उलट सामान्य माणसाला परमार्थाकडे नेणारी तीच वाट आहे.

शार्ङ्गदेवाने श्रुती समजावण्यासाठी सांगितलेला प्रयोगही इथे महत्त्वाचा आहे. सारख्या दोन वीणा घ्यायच्या आणि प्रत्येकीला 22 तारा लावायच्या. पहिली तार शक्य तितकी खाली लावायची. दुसरी तिच्याहून इतकीच वर, की दोघींच्या मध्ये तिसरा आवाज बसू नये. अशा क्रमाने 22 तारा मिळवल्या की एक वीणा तशीच ठेवायची आणि दुसरीचे स्वर एकेका श्रुतीने उतरवत जायचे. कोणता स्वर कधी कोणत्या स्वरात मिसळतो, हे कानाने पाहायचे. यात ग्रंथाचा आधार कमी आणि खुंटी पिळणारा हात व ऐकणारा कान यांचा आधार जास्त आहे. मोक्षाची चर्चा आणि वाद्याची मोडजोड एकाच अध्यायात शेजारी नांदतात.

लोकवाद्य हे कारागिराचे वाद्य

लोकसंगीतात गाणारा आणि वाद्य घडवणारा यांच्यातले अंतर नेहमीच कमी राहिले. गोंधळ्याचे तुणतुणे हे त्याचे उघड उदाहरण आहे. लाकडाचे किंवा पत्र्याचे नळकांडे, त्याच्या एका तोंडाला चामडे, चामड्याच्या मध्यातून निघालेली एक तार, बाजूला ठोकलेली बांबूची काठी आणि तिच्या टोकाला खुंटी, एवढ्यात वाद्य तयार होते. त्याच्यावर राग वाजत नाही. गाणाऱ्याला एक सूर आणि एक लय धरून ठेवणे हेच त्याचे काम. संबळाच्या दोन भांड्यांचे आवाज चढे-उतरे मिळवणे, डफाचे कातडे शेकून ताणणे, ही कामेही वाजवणारा स्वतःच करतो. हाताशी असलेल्या वस्तूतून सूर काढणे ही या परंपरेची रीतच आहे.

बाहेरून आलेल्या यंत्रालाही या परंपरेने आपलेसे केले. हार्मोनियम हे मूळचे फ्रान्सचे वाद्य, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तयार झालेले. भारतात त्याला हाताने हलवायचा भाता आला आणि मांडी घालून बसणाऱ्या गायकापुढे ते ठेवता येऊ लागले. शास्त्रीय संगीतातील अनेकांनी त्याच्यावर आक्षेप घेतला, आणि 1940 मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडले. त्या काळातही भजनाच्या आणि कीर्तनाच्या जागी पेटी वाजतच राहिली. आज पेटीवाचून भजनी मंडळ ही कल्पनाही करवत नाही.

आक्षेप मात्र निराधार नव्हता. पेटीचे बारा स्वर सप्तकाचे सारखे भाग पाडून बसवलेले असतात. षड्ज 240 हर्ट्झचा धरला तर नैसर्गिक शुद्ध गांधार 300 हर्ट्झला येतो. पेटीचा गांधार 302.4 हर्ट्झला बोलतो. हे दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोनाहून अधिक वेळा आवाज कमीजास्त होत असल्याचा हेलकावा ऐकू येतो. ज्याच्या कानाला हा हेलकावा कळतो तो गळ्याने गांधार किंचित उतरवून घेतो. ज्याला कळत नाही तो पेटीच्या मागे जातो. यंत्र तेच असते, फरक ऐकण्यात पडतो. पुढच्या सगळ्या विचाराचा धागा हाच आहे.

सुराची पेटी

विजेवर चालणारा तानपुरा 1970 च्या दशकाअखेर बाजारात येऊ लागला. बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राजनारायण यांच्या ‘राडेल’ या संस्थेने तो घराघरांत पोहोचवला. पुढे तबल्याचा ठेका देणारी यंत्रेही आली. आता हे सर्व मोबाइलवर मिळते. तरीही हौशी माणूस अशी सुराची पेटी स्वतः जुळवतो. तिची जुळणी जवळून पाहिली तर या हौसेचे स्वरूप स्पष्ट होते.

सर्वांत साधी पेटी 555 या आयसीवर बनते. हान्स कामेनझिंड यांनी आखलेली ही चिप 1972 पासून बाजारात आहे आणि अजूनही अगदी स्वस्त मिळते. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडले की कपॅसिटर भरण्याच्या आणि रिकामा होण्याच्या वेगाने चिप चालू-बंद होते आणि स्पीकरमधून सूर निघतो. एका रेझिस्टरच्या जागी प्रीसेट बसवला की तो फिरवून सूर काळी एक, काळी दोन, पांढरी चार असा हवा तिथे आणता येतो. पहिली अडचण लगेच समोर येते. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर लावला असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी लावलेला सूर रात्रीच्या भजनाला तिथे राहत नाही. पॉलिएस्टर कपॅसिटर घातला की तो बराच स्थिर होतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर मुख्यतः विषम पटींचे स्वर असतात, म्हणून आवाज पोकळ लागतो. तानपुऱ्याच्या घोडीला हलका उतार दिलेला असतो आणि तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीला अलगद घासत राहते, त्यामुळे एकामागून एक वरचे स्वर उमलतात. तारा षड्ज-पंचमाच्या असूनही त्यातून गांधार ऐकू येतो. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे कसब मुख्यतः या जवारीत आहे.

पेटी जुळवणारा हौशी कारागीर या गांधाराच्या मागे लागतो. तो फिल्टर लावतो, दोन सूर किंचित वेगळे ठेवून मिसळतो, कधी खऱ्या तानपुऱ्याचा आवाज चिपमध्ये साठवतो. या खटाटोपात त्याला पैसे मिळत नाहीत. उलट पदरचे जातात. त्याला मिळते ते एवढेच, की पूर्वी जो गांधार त्याला ऐकूच येत नव्हता तो आता ऐकू येतो. हाताने यंत्र घडते आणि यंत्राने कान घडतो.

शब्द कोणाचा?

आता मूळ प्रश्न. स्पीकरमधून आलेले नाम हे नाम आहे का? भारतीय दर्शनांनी ध्वनिमुद्रणाच्या कित्येक शतके आधी या प्रश्नाची पायाभरणी करून ठेवली आहे.

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. कंठातून निघणारा ध्वनी त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. हे मत धरले तर प्रकट करणारे साधन कंठ असो वा स्पीकर, शब्दाला बाध येत नाही. नैयायिक उलट म्हणतात. शब्द हा आकाशाचा गुण असून तो अनित्य आहे. प्रत्येक उच्चारात नवा उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मग कॅसेटमधला अभंग हा गायकाने म्हटलेला अभंग नसून त्याच्यासारखा दुसरा ध्वनी ठरतो. शब्द हा आकाशाचा गुण, हा विचार अंबाजोगाईच्या मातीतही रुजलेला आहे. दासोपंतांनी (1551–1615) पंचमहाभूतांचे विवेचन करणारे ‘पंचीकरण’ सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर लिहिले. तीच प्रसिद्ध ‘पासोडी’. शास्त्र पोथीऐवजी कापडावर उतरवले म्हणून त्याचे पावित्र्य उणावले, असे कोणी म्हटले नाही.

पण मीमांसकांचा दुसरा सिद्धान्त इथे अधिक उपयोगी पडतो. यज्ञातली बहुतेक कामे यजमान दक्षिणा देऊन ऋत्विजांकडून करवून घेऊ शकतो. मंत्र दुसरा म्हणेल, आहुती दुसरा टाकेल. मात्र ‘हे द्रव्य माझे राहिले नाही, ते देवतेचे झाले’ असा त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. काम सोपवता येते, त्याग सोपवता येत नाही. यंत्राला ऋत्विजाच्या जागी ठेवून पाहिले तर त्याची मर्यादा नेमकी कळते. ते आवाज देऊ शकते. देणाऱ्याच्या वतीने स्वतःला देऊ शकत नाही.

सूफी परंपरेनेही हाच प्रश्न समाअच्या, म्हणजे ईश्वरी प्रेमासाठी संगीत ऐकण्याच्या निमित्ताने हाताळला. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी संगीताचा निवाडा वाद्यावर कमी आणि ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात काय आहे यावर जास्त ठेवला, आणि ऐकण्यासाठी योग्य वेळ, स्थळ व सोबती यांची अट घातली. खुलताबादला विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) हे समाअचे मोठे पुरस्कर्ते होते. वारकरी संप्रदायाचा मूळ आधार असलेल्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्यायही श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मीमांसा, सूफी विचार आणि भागवत धर्म तिथे एका ठिकाणी येतात: नादाला उपासनेचे मोल येते ते लक्ष देणाऱ्यामुळे.

वीणेचा पहारा आणि विजेचा नगारा

हा निकष गावातल्या रोजच्या व्यवहारावर लावून पाहता येतो. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर असा क्रम असतो. या सात दिवसांत वीणा जमिनीवर टेकवायची नसते. पहारेकरी ठरलेल्या वेळी एकमेकांच्या पाया पडून ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतात, आणि रात्री दोन वाजताही कोणीतरी ती छेडत उभा असतो. सुराची पेटी हे काम सात दिवस काय, सात वर्षे न थकता करील. मात्र पहाऱ्याचा अर्थ सूर अखंड राहण्यात नाही. कोणीतरी जागे राहण्यात आणि पुढच्याने येऊन त्याला मोकळे करण्यात तो आहे. पेटीने पहारा दिला तर सूर राहील आणि पहारा मोडेल.

देवळांतून आता विजेवर चालणारी आरतीची यंत्रे दिसतात. मोटर फिरली की नगाऱ्यावर टिपरू पडते, झांजा आपटतात, घंटा हलते. यावर घाईने टीका करणे बरोबर नाही. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मागे म्हातारी माणसे आणि लेकरे उरतात. अशा गावात आरतीला चार हात जमत नसतील आणि एक म्हातारा बटण दाबून, हात जोडून, सगळी आरती उभ्याने म्हणत असेल, तर त्याची आरती पुरी झाली. यंत्राने त्याच्या हातांची उणीव भरली, त्याची जागा घेतली नाही. बटण दाबून माणूस घरी गेला आणि रिकाम्या गाभाऱ्यापुढे नगारा वाजत राहिला, तर तिथे फक्त आवाज झाला. बौद्ध परंपरेत तिबेटी लोकांनी मंत्र भरलेली चाके पूर्वीपासून पाण्यावर आणि वाऱ्यावर फिरवली आहेत. पण तिथे ते चाक बसवणे हेच सर्व जीवांच्या कल्याणासाठी केलेले दान मानले जाते. संकल्प माणसाचाच असतो.

गोंधळाची कसोटी याहून कडक आहे. गोंधळी दिवटी पेटवून तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडेराया यांना त्या घराच्या कार्याला बोलावतो. कोणत्या कुळाचा गोंधळ आहे आणि कोणाचे लग्न झाले आहे, हे त्याला ठाऊक असते. ध्वनिमुद्रित गोंधळ कितीही स्वच्छ वाजला तरी तो या घरासाठी कोणालाच आवाहन करत नाही. मुद्रण ऐकून गोंधळ शिकता येतो, जतन करता येतो, घालता मात्र येत नाही. त्यामुळे जुन्या गोंधळ्यांचे आवाज नीट मुद्रित करून ठेवणारा हौशी माणूस मोलाचे काम करतो. त्या मुद्रणाचे खरे ठिकाण शिकणाऱ्याच्या कानापाशी असते.

आवाज वाढवण्याचा प्रश्नही इथेच येतो. मोठा ध्वनिक्षेप हा धर्माचा भाग आहे का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये एका चर्चविषयीच्या खटल्यात दिले. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली, आणि पुढे झालेल्या दुरुस्तीने वर्षातल्या काही ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना दिला. धर्मविचारही याच बाजूला आहे. ज्याला ऐकायचे नाही त्याच्या कानावर आदळलेला नाद अवधान मागत नाही, हिसकावून घेतो. जाणता कारागीर म्हणूनच आवाज वाढवण्याआधी माइक आणि स्पीकर यांची तोंडे एकमेकांपासून फिरवतो आणि मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्याला शब्द कळतील एवढाच आवाज ठेवतो.

हौस केव्हा साधना होते

संतांनी कर्मालाच पूजा मानले, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. सावता माळ्याचा मळा, गोरोबांची माती, नरहरी सोनाराची भट्टी ही त्याची उदाहरणे आहेत. पण ते त्यांचे प्राप्त कर्म होते. पोटासाठी करावेच लागणारे. हौस तशी प्राप्त नसते, माणूस ती स्वतः निवडतो. म्हणून तिचा विचार वेगळा करावा लागतो. गीतेने फळाची आस सोडून कर्म करण्यास सांगितले. चरितार्थाच्या कामात ही आस सोडणे कठीण, कारण घर त्या फळावर चालते. हौसेत मोबदला मुळातच नसतो, त्यामुळे निष्कामतेचा सराव करायला ती सोयीची जागा आहे.

धोके मात्र तिथेही आहेत. पहिला कौतुकाचा. पैशाची जागा वाहवा घेते, आणि मंडळातल्या सर्वांत साध्या गायकाचा आवाज दाबून स्वतःच्या यंत्राची करामत पुढे येते. दुसरा धोका वस्तूंच्या हावेचा. नवा माइक, नवा मिक्सर, नवे ॲप यांत हौस गुंतते आणि गाणे मागे पडते. तिसरा धोका घरच्यांच्या वाटणीचा वेळ खाण्याचा. ज्या हौसेपायी घरचे कर्तव्य चुकते तिला साधना म्हणता येत नाही. प्राप्त कर्म टाकून केलेल्या कर्माला गीतेचाही आधार नाही.

या धोक्यांतून सुटलेली हौस तीन खुणांनी ओळखता येते. ती करणाऱ्याचे ऐकणे वाढवते: काल न कळलेला गांधार आज कळतो, काल न ऐकलेले शेजाऱ्याचे दुःखही आज ऐकू येते. ती इतरांना गाण्यात सामील करून घेते: यंत्र आल्यावर टाळ धरणारे हात वाढतात, कमी होत नाहीत. आणि ती मागे हटू शकते: वीज गेली, पेटी बंद पडली, तरी भजन थांबत नाही, कारण सूर तोवर गळ्यात उतरलेला असतो. या तिन्ही खुणा जिथे आहेत तिथे हौशी माणसाचे टेबल आणि देवळाचा सभामंडप यांत धर्मदृष्ट्या भेद करण्याचे कारण उरत नाही. जिथे त्या नाहीत तिथे मिरजेचा उत्तम तानपुरा वाजत असला तरी तो केवळ आवाजच असतो.